नैरोबीची नोकरी: जागा घ्यावी, अडवू नये

पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला आयटी सपोर्टमध्ये चार-पाच वर्षं काढलेल्या तरुणाला दुबईहून ऑफर आली, तर घरात चर्चा होते पगाराची. तीच ऑफर नैरोबीहून आली, तर चर्चेची सुरुवात भीतीने होते. तिथे सुरक्षित आहे का, आजारपणं होतात का, परत आल्यावर इथे कोण विचारेल, असे प्रश्न येतात. भीती जरा ओसरली की दुसराच विचार डोकं वर काढतो: आफ्रिकेत आपल्या माणसाला मान मिळेल, तिथे एवढं शिकलेलं कोण असणार! पहिल्या विचारात अज्ञान आहे, दुसऱ्यात अज्ञानाच्या जोडीला गर्वही आहे. या दोहोंच्या आधारावर घेतलेला निर्णय, मग तो होकार असो वा नकार, कच्चाच राहतो.

मला या लेखात एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. नैरोबीतली सपोर्टची नोकरी घेण्यासारखी आहे, पण दोन अटींवर. त्या शहराकडून शिकायची तयारी हवी. आणि ज्या खुर्चीवर आपण बसणार, ती ठरल्या मुदतीत तिथल्या माणसाच्या हाती सोपवायची तयारी हवी. या अटी भाबड्या आदर्शवादातून आलेल्या नाहीत. केनियाचा कायदा त्याच सांगतो, तिथल्या भारतीयांचा इतिहास त्याच सांगतो, आणि सपोर्टच्या कामाचा स्वभावही त्याकडेच बोट दाखवतो.

आधी शहर समजून घेऊ. नैरोबी तसं तरुण शहर आहे. मोंबासा बंदराकडून आत जाणाऱ्या रेल्वेचा डेपो म्हणून १८९९ मध्ये ते वसलं. विषुववृत्ताजवळ असूनही सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही वर असल्यामुळे हवा थंड. २०१९ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या आसपास होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण आणि मानवी वसाहती या दोन्ही संस्थांची मुख्यालयं इथे गिगिरी भागात आहेत. वेस्टलँड्स, अपर हिल, न्गाँग रोड या भागांत बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक कंपन्या आणि मदतसंस्था यांची कार्यालयं आहेत, आणि त्यांतली बरीच कार्यालयं युगांडा, टांझानिया, रवांडापर्यंतचा कारभार बघतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये इथे आपलं विकसन केंद्र सुरू केलं. गूगलने २०२२ मध्ये आफ्रिकेतलं आपलं पहिलं प्रॉडक्ट डेव्हलपमेंट सेंटर नैरोबीत उभारत असल्याचं जाहीर केलं.

पण या शहराची खरी ओळख मोठ्या कंपन्यांच्या पाट्यांवरून होत नाही. ती होते एम-पेसावरून. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या कंपनीने साध्या मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ही सेवा सुरू केली. तिला स्मार्टफोन लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हतं, बँकेत खातंही लागत नव्हतं. शहरात मजुरी करणारा माणूस कोपऱ्यावरच्या एजंटाकडे रोख रक्कम द्यायचा, आणि गावाकडे आई जवळच्या एजंटाकडून ती काढून घ्यायची. कोकणातल्या घराघरांनी मुंबईच्या मनीऑर्डरची वाट पाहण्यात पिढ्या काढल्या. त्यांना या सेवेचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी. मधल्या काळात व्होडाफोनने हीच एम-पेसा २०१३ मध्ये भारतात आणून पाहिली. ती इथे रुजली नाही आणि २०१९ मध्ये बंद झाली.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडली. २०१० मध्ये भारती एअरटेलने झेन कंपनीचा आफ्रिकेतल्या १५ देशांमधला मोबाइल व्यवसाय विकत घेतला आणि आयटीचं काम दहा वर्षांच्या कराराने आयबीएमकडे दिलं. भारतात स्वस्त दर आणि प्रचंड ग्राहकसंख्या या सूत्रावर मिळालेलं यश तिकडेही मिळेल, असा हिशेब होता. पण आफ्रिकेतला व्यवसाय नफ्यात यायला बरीच वर्षं गेली, आणि केनियात सफारीकॉमचं वर्चस्व कायम राहिलं. इथलं तिथे जसंच्या तसं चालत नाही आणि तिथलं इथे चालत नाही. म्हणून ‘आपण त्यांना शिकवायला चाललो’ हा भाव विमानात बसण्याआधीच सोडलेला बरा.

आता कामाकडे येऊ. भारतात आयटी सपोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पडद्यामागचं काम. ग्राहक अमेरिकेत, आपण रात्रपाळीत. तक्रारीचं तिकीट येतं, लिहून दिलेल्या पायऱ्यांनुसार उत्तर जातं, वेळेच्या अटीत बसलं की तिकीट बंद. ते सुटत नसेल तर वरच्या पातळीकडे ढकलायचं. या कामात शिस्त येते, इंग्रजी सुधारतं, भल्यामोठ्या पसाऱ्यात काम कसं चालतं ते कळतं. पण आपण जे दुरुस्त केलं त्याने कोणाचं काय सुटलं, हे वर्षानुवर्षं दिसत नाही.

नैरोबीत वापरणारा माणूस बहुधा त्याच शहरात, त्याच वेळेत, पुष्कळदा त्याच इमारतीत असतो. उदाहरण म्हणून एक औषधाचं दुकान घेऊ. त्याच्या शहरभर दहाबारा शाखा आहेत. संध्याकाळची गर्दी. काउंटरवरची मुलगी रक्कम आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर संगणकात टाकते. गिऱ्हाइकाच्या फोनवर विचारणा येते, तो पिन दाबतो, त्याला पैसे गेल्याचा एसएमएस येतो आणि त्यात दहा अक्षर-अंकांचा व्यवहार क्रमांक असतो. काउंटरवरच्या पडद्यावर मात्र ‘प्रलंबित’ हाच शब्द. गिऱ्हाईक फोन पुढे करून म्हणतं, हे बघा, पैसे दिले. पण नुसत्या एसएमएसवर विश्वास ठेवता येत नाही, कारण बनावट एसएमएस दाखवून फसवणारे असतात. मागे रांग वाढत जाते. कोणाच्या हातात तापाच्या पोराचं औषध आहे, कोणाला शेवटची मटाटू, म्हणजे तिथली मिनीबस, पकडायची आहे. काउंटरवरची मुलगी सपोर्टला फोन लावते.

अशा वेळी नेमकं काय झालेलं असतं? व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप सफारीकॉमच्या यंत्रणेने दुकानाच्या सर्व्हरकडे पाठवलेला असतो. पण त्याच अर्ध्या मिनिटात दुकानाची लाइन गेलेली असते, किंवा सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. निरोप आला आणि दार बंद पाहून परत गेला. सपोर्टवाल्याने आधी तो व्यवहार क्रमांक घेऊन कंपनीच्या खात्यात पैसे खरंच आले का ते तपासायचं, पावती जुळवायची, रांग मोकळी करायची. मग वैतागून कोणी दोनदा पैसे भरलेत का ते बघून जास्तीचे परत करायची सोय करायची. आणि खरं काम त्यानंतरचं: असे अडकलेले व्यवहार दर काही मिनिटांनी आपणहून विचारून घेणारी व्यवस्था बसवायची, म्हणजे पुढच्या वेळी फोन करायची पाळीच येऊ नये. या एका प्रसंगात नेटवर्क आहे, सर्व्हर आहे, हिशेब आहे, फसवणुकीचं भान आहे, आणि वैतागलेल्या माणसाशी सौजन्याने बोलणंही आहे. इकडे या पाच गोष्टी पाच टीममध्ये विभागलेल्या असतात, आणि एकाचं काम दुसऱ्याला ठाऊक नसतं.

पायाभूत सुविधांचंही तसंच. २००९ मध्ये सीकॉम आणि टीम्स या समुद्राखालच्या केबल मोंबासाला पोचल्या आणि पूर्व आफ्रिकेचं इंटरनेट महागड्या उपग्रहांच्या तावडीतून सुटलं. पण केबल मोजक्याच असल्या की प्रत्येकीचं महत्त्व फार मोठं असतं. मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात ईसी आणि सीकॉम या दोन्ही केबलमध्ये एकाच वेळी बिघाड झाला आणि पूर्व आफ्रिकेतल्या अनेक देशांचं इंटरनेट मंदावलं. ऑगस्ट २०२३ मध्ये जवळजवळ सगळ्या केनियाची वीज गेली. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरचा जनरेटरही चालला नाही आणि प्रवासी अंधारात बसले. त्याच्या आदल्याच महिन्यात ई-सिटिझन या सरकारी सेवांच्या पोर्टलवर सायबर हल्ला झाला. ज्या देशात परवान्यापासून पासपोर्टपर्यंतची कामं एका पोर्टलवरून होतात, तिथे त्याचा अर्थ काय होतो ते लोकांनी अनुभवलं.

या घटना सांगून कोणी म्हणेल, म्हणूनच तिकडे जाऊ नये. मी उलट म्हणतो. बॅकअप लाइन दुसऱ्या कंपनीची घेतली, पण ती जर त्याच समुद्री केबलवरून येत असेल तर तो बॅकअप नव्हेच, हे पुस्तकात वाचून कळतं. पण हाडीमासी मुरतं ते अशा ठिकाणी काम केल्यावर. जनरेटर आहे एवढ्यावर समाधान न मानता तो दर आठवड्याला प्रत्यक्ष भार टाकून चालवून बघायचा असतो, हेही तसंच. वीज आणि लाइन गृहीत धरून काम करणारा इंजिनिअर आणि दोन्ही जातील असं धरून काम करणारा इंजिनिअर यांच्यात फरक असतो. चॅटबॉट आणि एआय यांच्यामुळे सपोर्टची पहिली पातळी आक्रसत असताना टिकणार आहे तो दुसरा. पासवर्ड बदलून देणारा माणूस यंत्राने हटवता येतो. जागेवर जाऊन बिघाडाचं मूळ शोधणारा, दुकानदाराशी आणि केबलवाल्याशी एकाच तासात बोलणारा माणूस हटवणं अवघड आहे.

इथवरची बाजू आपल्या फायद्याची झाली. खरा कस पुढच्या प्रश्नावर लागतो: हे काम करायला केनियातली मुलं नाहीत का? तुम्हीच का?

याला दोन सोपी उत्तरं दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिलं उत्तर, त्यांच्याकडे कौशल्य नाही. हे खोटं आहे. २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराच्या दिवसांत, जानेवारी २००८ मध्ये, केनियाच्या तरुण तंत्रज्ञांनी उशाहिदी हे सॉफ्टवेअर उभं केलं. कुठे काय घडतंय हे लोकांनी मोबाइलवरून कळवायचं आणि ते नकाशावर दिसायचं. २०१० च्या हैती भूकंपात तेच सॉफ्टवेअर कामी आलं. त्याच गटाच्या पुढाकाराने २०१० मध्ये आयहब ही तंत्रज्ञांची एकत्र बसायची जागा उभी राहिली. नैरोबी विद्यापीठ, स्ट्रॅथमोर, जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठ इथून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. कित्येक केनियन मुलं तर आपल्या पुण्यातच शिकून गेली आहेत. तुमचा तिथला सहकारी तुम्हाला फर्ग्युसन रस्त्याच्या आठवणी सांगेल, अशी शक्यता अजिबात कमी नाही.

दुसरं उत्तर, बाजार आहे, ज्याला नोकरी मिळाली त्याची. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध केनियाची तरुण पिढी रस्त्यावर आली, संसदेत घुसली, गोळीबारात माणसं मेली, आणि अध्यक्ष रुटो यांना ते विधेयक मागे घ्यावं लागलं. त्या संतापाच्या मुळाशी महागाई आणि भ्रष्टाचाराइतकीच बेकारी होती. पदवी हातात असून काम नाही, ही वेदना महाराष्ट्रातल्या स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांना नवी नाही. शिवाय जे डिजिटल काम मिळतं ते कसं असतं, हेही जगाने पाहिलं आहे. एआयला शिकवण्यासाठी हिंसक आणि किळसवाणा मजकूर वाचून त्याला लेबल लावण्याचं काम नैरोबीतल्या तरुणांकडून ताशी दोन डॉलरपेक्षा कमी पैशांत करून घेतलं गेलं, हे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केलं. अशा शहरात परदेशी माणूस चांगल्या पगारावर खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्याकडे पाहणाऱ्या नजरांमध्ये एक प्रश्न असणारच. तो रास्त आहे.

केनियाचा कायदाही तोच प्रश्न विचारतो. नोकरीसाठी जाणाऱ्या परदेशी माणसाला ‘डी’ वर्गाचा परवाना लागतो. हा परवाना ठरावीक मुदतीचा असतो, विशिष्ट मालकाशी आणि विशिष्ट पदाशी बांधलेला असतो. हे कौशल्य देशात सहज मिळत नाही, हे कंपनीला पटवून द्यावं लागतं; आणि त्या जागेवर पुढे स्थानिक माणूस कसा तयार करणार, हेही सांगावं लागतं. बऱ्याच कंपन्या ही बाब कागदापुरती उरकतात. पण कायद्यामागचा हेतू स्पष्ट आहे: या, काम करा, आणि येताना जे ज्ञान आणलंत ते मागे ठेवून जा.

या कायद्याची मुळं भारतीयांच्याच इतिहासात आहेत. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मेले. मागोमाग व्यापारी गेले, आणि गेले गोव्याचे कारकून. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, कस्टम, टपाल आणि बँका या गोंयकारांच्या नेटक्या हस्ताक्षरावर आणि हिशेबावर चालत. आजच्या भाषेत तो त्या राज्यकारभाराचा सपोर्ट विभाग होता. पण वसाहतीतल्या नोकऱ्यांची उतरंड वर्णावरून ठरलेली होती: वर युरोपीय, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकी, आणि पगारही त्याच क्रमाने. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरच्याचा जाच होता, पण खालच्याला वर येऊ देणं त्याच्या सोयीचं नव्हतं. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९६७ मध्ये ज्यांनी नागरिकत्व घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी कामाचे परवाने आणि व्यापाराचे निर्बंध आले. हजारो आशियाई कुटुंबांनी ब्रिटनची वाट धरली, आणि १९६८ मध्ये ब्रिटननेही घाईघाईने कायदा करून दार अडवलं. शेजारच्या युगांडात १९७२ मध्ये इदी अमीनने तर आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला लावला. अमीनने केलं तो उघड अन्याय होता आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण मधल्या पायरीवर बसून खालच्यांकडे पाठ फिरवणं किती धोक्याचं असतं, हा धडा त्यातून शिकायचाच आहे.

याच इतिहासात दुसरा, उजळ धागाही आहे. नैरोबीत जन्मलेला पियो गामा पिंटो हा गोव्याच्या कुटुंबातला. शिक्षणासाठी भारतात आला, मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी केली, गोवा मुक्तीच्या कामात पडला, आणि परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढला. ब्रिटिशांनी त्याला अनेक वर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्याची गोळ्या घालून हत्या झाली. वडील गोव्याचे आणि आई मसाई असलेले जोसेफ मुरुंबी १९६६ मध्ये केनियाचे उपाध्यक्ष झाले. आणि खास महाराष्ट्राने अभिमानाने आठवावं असं नाव म्हणजे अप्पासाहेब पंत. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे हे राजपुत्र १९४८ मध्ये भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. ज्या संस्थानाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती राज्यकारभार दिला, तिथून ते आले होते. आफ्रिकी लोकांच्या आकांक्षांशी स्वतःला जोडून घ्या, असं ते तिथल्या भारतीयांना सांगत. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. आफ्रिकी राष्ट्रवाद्यांशी असलेली त्यांची जवळीक ब्रिटिशांना खुपली आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवावं लागलं. सत्ता असलेल्या माणसाने ती दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी, याचा औंधचा संस्कार ते नैरोबीला घेऊन गेले होते.

२०१७ मध्ये केनिया सरकारने आपल्या आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. जे राहिले, मिसळले, ज्यांनी दिलं, त्यांना त्या देशाने आपलं म्हटलं. आज जाणाऱ्या तरुणाने यातला कोणता वारसा उचलायचा ते ठरवायला हवं.

रोजच्या कामात हे कसं उतरतं? सपोर्टच्या क्षेत्रात आपली एक जुनी खोड आहे. सर्व्हरचा पासवर्ड एकट्याच्या डोक्यात, फायरवॉलचे नियम एकट्याच्या वहीत, आणि ‘माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही’ हीच नोकरीची हमी. परदेशात ही खोड अधिक बळावते, कारण परवान्याचं नूतनीकरण आपण अपरिहार्य आहोत असं दिसण्यावर अवलंबून आहे असं वाटू लागतं. हीच सवय आधी मोडली पाहिजे. प्रत्येक बिघाडाची नोंद अशी लिहा की तुम्ही रजेवर असताना ती वाचून दुसरा माणूस काम निभावून नेईल. व्यवस्थापनाला अहवाल देताना केनियन सहकाऱ्याने शोधलेला दोष त्याच्याच नावाने मांडा. मोठ्या ग्राहकाच्या बैठकीला त्याला पुढे करा. पहिल्या वर्षी त्याला बाजूला बसवून काम करा, दुसऱ्या वर्षी तो करेल आणि तुम्ही बाजूला बसा. असं वागणाऱ्याची किंमत कमी होते, हा गैरसमज आहे. टीम उभी करून बाहेर पडलेला माणूस पुढच्या मुलाखतीत दोन देशांत काम केल्याचा आणि माणसं घडवल्याचा दाखला देऊ शकतो. दहा वर्षं एकाच खुर्चीला चिकटलेल्याकडे तो नसतो.

याला जोडून एक कडू गोष्ट. आपल्या समाजात काळ्या कातडीबद्दलचा आकस आहे आणि तो आपण लपवतो. २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीला आणि २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली; ती लाज आपली सगळ्यांची आहे. नैरोबीत पार्कलँड्ससारख्या भागात भारतीय शेजार, देऊळ, किराणा, गणेशोत्सव हे सगळं मिळतं, आणि त्याचा आधार वाटणं साहजिक आहे. पण ऑफिस ते पार्कलँड्स एवढंच शहर पाहून परतणारा माणूस आकस घेऊन जातो आणि तोच घेऊन येतो. स्वाहिली शिका. ती अवघड नाही, आणि काउंटरवरच्या मुलीशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोललात तर बिघाडाची निम्मी माहिती आपसूक मिळते. ड्रायव्हर, रखवालदार, घरकाम करणारी बाई यांच्याशी आपण कसं बोलतो, त्यावरून सहकारी आपल्याला जोखत असतात.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात, पण काटेकोर सांगतो. परवाना मंजूर झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय कामावर रुजू होऊ नका. पर्यटकाच्या प्रवेशपरवान्यावर ‘आधी या, मग बघू’ म्हणणाऱ्या मालकाला नकार द्या. परवान्याचा खर्च कोण करणार आणि करार मध्येच तुटला तर परतीचं तिकीट कोणाचं, हे लेखी घ्या. पगार शिलिंगमध्ये आहे की डॉलरमध्ये ते विचारा: जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग पडत होते, वर्ष सरायच्या आत तो भाव १३० च्या आसपास आला. घरी पैसे पाठवणाऱ्याला हा चढउतार फार महागात पडू शकतो. प्राप्तिकराचा वरचा दर ३५ टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय आरोग्य विम्याचे २.७५ टक्के आणि गृहनिर्माण निधीचे १.५ टक्के कापले जातात. तेव्हा हाती येणाऱ्या रकमेवर हिशेब मांडा. कंपनीचा खासगी आरोग्य विमा कुटुंबाला लागू आहे का ते पाहा. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वीच घ्या, कारण केनियातून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागितलं जातं. आणि सुरक्षेबद्दल: नैरोबीत काही भागांत रात्री पायी फिरू नये हे खरं आहे. कोणत्या भागात राहायचं, रात्री उशिरा घरी कसं जायचं, हे तिथल्या सहकाऱ्याला विचारा आणि तो सांगेल ते पाळा.

घरच्यांसाठीही एक शब्द. मुलगा किंवा मुलगी नैरोबीला चालली म्हणून तोंड पाडू नका. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे आहे, मुंबईहून थेट विमान आहे, आणि पुण्यात रात्रपाळी करून दिवसा झोपणारं तुमचं लेकरू तिथे दिवसा काम करून रात्री झोपेल. शेजाऱ्यांना सांगताना ‘आफ्रिका’ एवढंच म्हणून आवाज खाली आणू नका. केनिया म्हणा, नैरोबी म्हणा. ५४ देशांच्या खंडाला एका शब्दात गुंडाळण्याची सवय घरापासूनच सुटायला हवी.

ऑफर हातात असेल, तर पगाराची बोलणी करण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा. या जागेवर माझ्यासोबत शिकणारा केनियन सहकारी कोण असेल? त्याला शिकवण्यासाठी माझ्या कामाच्या वेळेतला किती वेळ राखून ठेवला आहे? आणि मी गेल्यानंतर ही जागा त्याला मिळेल, हे तुम्ही लिहून देता का? तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर निर्धास्त जा. तुमच्या कारकिर्दीतली ती सर्वांत मोलाची वर्षं ठरतील. उत्तरं टाळली गेली, तर पगार कितीही असो, ती नोकरी घेऊ नका. जिथे शिकवू देत नाहीत तिथे शिकायलाही फारसं मिळत नाही.